लिलावाचा गल्ला आणि मावशीचा रिचार्ज

26 जून 2024 ला स्पेक्ट्रमचा, म्हणजे मोबाइल ज्यांवर चालतात त्या रेडिओलहरींचा, लिलाव संपला. विक्रीला काढलेल्या लहरींची सरकारने धरलेली किमान किंमतच 96 हजार कोटींच्या वर होती. दोन दिवसांत, सात फेऱ्यांत सगळं आटोपलं आणि हाती आले 11,340 कोटी. बोली लावणारे तिघेच होते: एअरटेल, व्होडाफोन-आयडिया आणि जिओ. दुसऱ्या दिवशी, म्हणजे 27 जूनला, जिओने दरवाढ जाहीर केली. त्याच्या मागोमाग एअरटेलने केली, मग व्होडाफोन-आयडियाने. जुलैच्या पहिल्या आठवड्यात देशभर नवे दर लागू झाले. जिओचा 28 दिवसांचा 155 रुपयांचा पॅक 189 ला गेला, 239 चा 299 ला.

कोणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण या दोन तारखा लागोपाठ आल्या आणि त्यांचं कारण एकच आहे. लिलावात चढाओढ करायला कोणी नव्हतं म्हणून बोली वर गेली नाही, आणि दुकानात गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल ही भीती नव्हती म्हणून दर वर गेले.

मी इंदूरला राहते आणि छोट्या दुकानांचे हिशेब लिहिते. जेल रोडवरच्या दोन-तीन मोबाइल दुकानांच्या वह्या माझ्याकडे पंधरा वर्षांपासून आहेत. 2011-12 ची खतावणी उघडली की आठ कंपन्यांची आठ पानं दिसतात: आयडिया, एअरटेल, रिलायन्स, व्होडाफोन, टाटा डोकोमो, एअरसेल, व्हिडिओकॉन आणि बीएसएनएल. प्रत्येक कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरचा पोरगा सकाळी येऊन बॅलन्स टाकून जायचा आणि दुकानदाराशी कमिशनवरून घासाघीस करायचा. काउंटरच्या काचेखाली पत्रकं इतकी असायची की काच हलायची. आज त्याच दुकानाच्या वहीत चार पानं आहेत, त्यांतली दोन भरलेली, तिसरं दर महिन्याला थोडं आणखी रिकामं होणारं आणि चौथं, बीएसएनएलचं, कधीमधी लिहिलं जाणारं. मागच्या दिवाळीत दुकानाच्या मालकाला विचारलं, दरांचा फळा का काढून टाकलात? म्हणाला, "दीदी, अब दोनों के रेट एक जैसे, लिखने को बचा क्या?"

ही आठची दोन-अडीच कशी झाली, ते नीट सांगायला हवं. कारण सर्वसाधारण समज असा की एक श्रीमंत कंपनी आली, तिने फुकट वाटलं आणि बाकीच्यांना गिळलं. हे अर्धंच खरं आहे.

आधी एक कबुली. सरकारी एकाधिकाराचे दिवस परत यावेत असं मला स्वप्नातही वाटत नाही. माझ्या वडिलांचं रामबागेत एसटीडी-पीसीओचं बूथ होतं. मीटरवरचे लाल आकडे पुढे सरकायचे तसा बोलणाऱ्याचा आवाज घाईचा व्हायचा. रात्री उशिरा दर पाव व्हायचे, तेव्हा पुण्याला, नागपूरला, मुंबईला फोन लावायला लोक स्वेटर घालून बाकावर बसून राहायचे. घरी फोन हवा तर अर्ज करायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. त्या खात्याला आपल्याकडून कोणी निघून जाईल ही भीतीच नव्हती, कारण जायला जागाच नव्हती. तेव्हा माझा राग खासगी कंपनीवर नाही, मोठ्या कंपनीवरही नाही. जायला जागा नसण्यावर आहे.

31 जुलै 1995 ला कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखरामांना देशातला पहिला मोबाइल फोन लावला. त्याच सुमारास राज्यांचे मोबाइल परवाने लिलावात निघाले, दर सर्कलला, म्हणजे परवान्यासाठी आखलेल्या प्रदेशाला, दोन. आमच्या मध्य प्रदेश सर्कलमध्ये, ज्यात छत्तीसगडही येतं, ते आरपीजी सेलकॉम आणि रिलायन्स टेलिकॉमला मिळाले. त्या काळच्या लिलावांत कागदावर अशा काही रकमा लिहिल्या गेल्या की त्या भरणं कोणालाच शक्य नव्हतं. तारेच्या फोनच्या परवान्यांसाठी एका कंपनीने नऊ सर्कलना मिळून 85 हजार कोटींच्या आसपास बोली लावली; एका कंपनीला किती सर्कल घेता येतील यावर सरकारला मागाहून मर्यादा घालावी लागली. उरलेल्या कंपन्याही परवाना शुल्काखाली वाकल्या. शेवटी 1999 च्या धोरणाने ठराविक शुल्क काढून उत्पन्नातला वाटा घ्यायचं ठरवलं, आणि फोन स्वस्त होण्याची खरी सुरुवात तिथून झाली. 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं. वडिलांनी त्याच वर्षी बूथ बंद केलं आणि मुळीच वाईट वाटून घेतलं नाही.

मग आलं 2008. दिल्लीत 122 परवाने 2001 च्या भावाने वाटले गेले. ज्या पद्धतीने वाटले ती मनमानीची होती, सर्वोच्च न्यायालयाने 2 फेब्रुवारी 2012 ला ते सगळे रद्द केले आणि योग्यच केलं. (फौजदारी खटल्यातले सगळे आरोपी 2017 मध्ये सुटले, ती वेगळी गोष्ट.) पण त्या प्रकरणाने आपल्या सार्वजनिक मनात एक आकडा कायमचा ठोकून बसवला: 1 लाख 76 हजार कोटी, महालेखापरीक्षकांच्या अंदाजातला तोटा. तेव्हापासून स्वस्त स्पेक्ट्रम म्हणजे घोटाळा आणि महाग स्पेक्ट्रम म्हणजे स्वच्छ कारभार असं समीकरण होऊन गेलं. कोणत्याही पक्षाचं सरकार असो, किमान किंमत उतरवण्याची सही करायला अधिकाऱ्याचा हात थरथरतो. 2012 च्याच सप्टेंबरमध्ये न्यायालयाने असंही स्पष्ट केलं होतं की नैसर्गिक संसाधनं देण्याचा लिलाव हाच एकमेव घटनासंमत मार्ग नाही. ते वाक्य कोणाच्या लक्षात राहिलं नाही. आकडा राहिला.

त्याचा परिणाम आमच्या सर्कलमध्ये असा झाला. 1995 चे परवाने वीस वर्षांचे, म्हणजे 2015 च्या सुमारास मुदत संपली. आरपीजीचा धंदा 2001 मध्ये विकत घेऊन आयडिया मध्य प्रदेशात पहिल्या नंबरला पोचली होती. इंदूरच्या आमच्या निम्म्या नातेवाइकांचे नंबर आयडियाचे. आता ज्या 900 मेगाहर्ट्झच्या लहरींवर हे सगळे फोन चालत होते, त्याच तिला लिलावात पुन्हा विकत घ्याव्या लागणार होत्या. घेतल्या नाहीत तर टॉवर उभे, गिऱ्हाईक आहे, पण दुकान बंद. मार्च 2015 च्या त्या लिलावात सरकारला 1 लाख 9 हजार कोटींच्या वर मिळाले. एकट्या आयडियाने, महाराष्ट्र आणि गुजरातसकट आपली सर्कल राखायला, 30 हजार कोटींचा बोजा उचलला. वर्तमानपत्रांत मथळे आले की विक्रमी लिलाव, तिजोरी भरली. नवा टॉवर एकही उभा न राहता, होतं तेच चालू ठेवण्यासाठी हे कर्ज झालं होतं. हिशेब लिहिणारीला असलं कर्ज लगेच डोळ्यांत भरतं.

दीड वर्षाने, 5 सप्टेंबर 2016 ला, जिओ आली. तिच्या पाठीशी दुसऱ्या धंद्याचा पैसा होता, नवं कोरं 4जी जाळं होतं, आणि मार्च 2017 पर्यंत सेवा फुकट. यातलं चांगलं लपवायचं कारण नाही. एक जीबी डेटाला पूर्वी अडीचशेच्या आसपास मोजावे लागत, ते दहा-बारा रुपयांवर आलं. कोविडच्या दिवसांत आमच्या गल्लीतली मुलं मोबाइलवर शाळा शिकली ती या स्वस्ताईमुळे. पण बाकीच्यांकडे टिकून राहायला श्वासच उरला नव्हता. त्यांनी तो लिलावात आधीच गहाण टाकला होता. एअरसेल बुडाली, रिलायन्स कम्युनिकेशन्स बुडाली, टाटांनी मोबाइलचा धंदा एअरटेलला देऊन टाकला. व्होडाफोन आणि आयडिया 31 ऑगस्ट 2018 ला एक झाल्या तेव्हा त्यांच्याकडे 40 कोटींच्या वर ग्राहक होते, देशात सर्वांत जास्त. आज जवळपास निम्मे उरलेत.

उरलंसुरलं एजीआरच्या, म्हणजे सरकारचा वाटा ज्यावर काढायचा त्या उत्पन्नाच्या, निकालाने केलं. 24 ऑक्टोबर 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारची व्याख्या मान्य केली आणि टेलिफोनबाहेरचं उत्पन्नही सरकारच्या वाट्यासाठी धरायचं ठरलं. दूरसंचार खात्याच्या हिशेबाने एकट्या व्होडाफोन-आयडियाकडे 58 हजार कोटींच्या वर थकबाकी निघाली. कंपनी भरू शकत नव्हती. मग सरकारने काय केलं? 2023 मध्ये 16 हजार कोटींच्या व्याजाचे शेअर करून घेतले. 2025 मध्ये स्पेक्ट्रमच्या थकबाकीपैकी 36,950 कोटींचे आणखी शेअर घेतले. आता त्या कंपनीत 48.99 टक्के हिस्सा भारत सरकारचा आहे. म्हणजे ज्या लिलावांच्या आकड्यांवर आपण टाळ्या वाजवल्या, त्यातले हजारो कोटी परत आले ते एका आजारी कंपनीच्या कागदांच्या रूपाने. गल्ल्यात आले असं समजलेले पैसे खरं तर उधारीच्या वहीत होते.

माझं म्हणणं एवढंच आहे की परवान्याच्या लिलावाचं यश गल्ल्यावरून मोजणं बंद करा. लिलावानंतर पाच वर्षांनी गिऱ्हाइकापुढे किती खऱ्या कंपन्या उरल्या, हे माप लावा. तसं मापलं तर 2015 चा विक्रमी लिलाव हा सपशेल अपयशी ठरतो.

हे शक्य आहे का? फ्रान्सचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथे तीन कंपन्यांची बैठक जमली होती. 2005 मध्ये त्यांच्या स्पर्धा मंडळाने संगनमताबद्दल तिघींना मिळून 534 दशलक्ष युरोंचा दंड केला, तरी दरांत फारसा फरक पडला नाही. मग सरकारने चौथा परवाना काढला. आधीच्या तिघींनी 3जीसाठी 619 दशलक्ष युरो मोजले होते, चौथीला तो 240 दशलक्षांना दिला. जुन्या कंपन्यांनी अर्थातच आरडाओरडा केला. शिवाय नव्या कंपनीचे टॉवर उभे होईपर्यंत तिच्या ग्राहकांना जुन्या जाळ्यावर रोमिंग मिळण्याची सोय झाली. जानेवारी 2012 मध्ये फ्री मोबाइल सुरू झाली ती महिना दोन युरोंच्या पॅकने, आणि सगळ्या बाजाराला दर खाली आणावे लागले. परवान्यात सरकारने कमी घेतलं ते घराघरातून वाचलेल्या पैशात कितीतरी पटींनी लोकांना परत मिळालं. आपल्याकडे असा परवाना कोणी दिला असता तर त्या अधिकाऱ्यावर चौकशी बसली असती, आणि आपणच ती मागितली असती.

काही जाणती माणसं म्हणतात, हा धंदा भांडवलाचा आहे, तीन कंपन्या पुरेत, आठांची चैन परवडणारी नव्हतीच. आठ टिकणार नव्हत्या हे मलाही पटतं. व्हिडिओकॉनचं सिम किती दिवस चालेल अशी शंका तेव्हाही दुकानात व्हायची. पण तीन म्हणजे धडधाकट तीन हव्यात. एक धापा टाकते आहे, आणि लिलावाला येते तेव्हा बोलीपेक्षा तिच्या देण्याची चर्चा जास्त होते.

आणि आपल्या कायद्यात एक मोठं भोक आहे. मोबाइलचे दर ठरवण्याची मोकळीक दूरसंचार नियामक ट्रायने कंपन्यांना 2002 च्या सुमारास दिली. दर लावायचे आणि मग ट्रायला कळवायचे. ही मोकळीक स्पर्धेच्या भरवशावर दिली होती: तू महाग केलंस तर गिऱ्हाईक शेजारच्याकडे जाईल. शेजारीच उरला नाही तरी मोकळीक तशीच आहे. दुसरीकडे स्पर्धा आयोग. 2017 मध्ये एअरटेलने जिओच्या फुकट सेवेविरुद्ध तक्रार केली तेव्हा आयोगाने ती फेटाळली, कारण नवी आलेली कंपनी बाजारात प्रबळ नाही आणि कायदा प्रबळ कंपनीलाच लागतो. कायद्याच्या अक्षरात ते बरोबरच होतं. आज तीच कंपनी सुमारे 40 टक्के ग्राहकांसह पहिली आहे आणि एअरटेल एक तृतीयांशाच्या आसपास. पण दोघी मिळून प्रबळ, ही कल्पनाच भारतीय स्पर्धा कायद्यात नाही. संगनमत सिद्ध करायचं तर करार दाखवावा लागतो. एकीने आज दर वाढवले आणि दुसरीने उद्या, याला करार लागत नाही. आधी ट्राय की आधी आयोग, या वादावर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी ट्राय असं सांगितलं. तेव्हा ट्रायनेच हे भोक बुजवलं पाहिजे: दोन कंपन्यांकडे मिळून ठराविक हिस्सा गेला की दरांची मोकळीक आपोआप आकसली पाहिजे, आणि दरवाढीच्या आधी कारण मांडावं लागलं पाहिजे.

दुसरं, घाऊक विक्री. स्वतःचे टॉवर नसलेल्या कंपनीला मोठ्या कंपनीचं जाळं भाड्याने घेऊन सिम विकता यावं, असा परवाना 2016 पासून आहे. पण जाळं द्यायची सक्ती कोणावर नाही, सगळं आपसातल्या करारावर. स्वतःचं गिऱ्हाईक फोडायला प्रतिस्पर्ध्याला कोण जाळं देईल? 26 गीगाहर्ट्झसारख्या लहरी पडून राहतात, त्यांचं वेगळं सांगायला नको. वापरा नाहीतर द्या, एवढा साधा नियम हवा.

बीएसएनएलवर मी जरा भावुक होते, वडिलांचा बूथ त्यांच्याच तारेवर चालायचा. जुलै 2024 च्या दरवाढीनंतर लोक खरोखर तिच्याकडे वळले, जेल रोडवर सिमांचा तुटवडा झाला होता. दोन-तीन महिन्यांनी त्यातले बरेच परत आले, कारण घरात रेंज नव्हती. 2019 पासून सरकारने तिला दिलेल्या मदतीच्या तीन पॅकेजांचा मिळून तीन लाख कोटींच्या वर आकडा झाला, आणि 4जी देशभर पोचायला सप्टेंबर 2025 उजाडलं. खासगी कंपन्यांनी 4जी 2012 मध्येच सुरू केलं होतं. हा उशीर आपल्याला दर 28 दिवसांनी महागात पडला. सरकारी कंपनीने नफा काढावा असं मी म्हणत नाही, पण तिने राजेंद्र नगरच्या तळमजल्यावर आणि झाबुआच्या पाड्यावर रेंज द्यावी. तेवढं झालं तरी बाकी दोघींना दर वाढवताना एकदा विचार करावा लागेल.

आता मावशी. पागनीसपागेत एकटी राहते, वय 81, फोन बटणांचा. तिच्या कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत, एका कंपनीचं जुनं पाकीट आहे. त्यावर छापलं आहे: आजीवन व्हॅलिडिटी. 2005 च्या अखेरीस अशा योजना 999 रुपयांना निघाल्या होत्या, आयुष्यभर इनकमिंग फुकट. मावशीने पेन्शनमधून पैसे दिले होते आणि त्या दिवशी पेढे वाटले होते. 2018 च्या शेवटी कळलं की दर 28 दिवसांनी रिचार्ज केला नाही तर येणारे फोनही बंद. तिने पाकीट घेऊन दुकान गाठलं. पोरगा म्हणाला, "आंटी, वो स्कीम तो गई." आयुष्य म्हणजे कंपनीच्या परवान्याचं आयुष्य, हे पाकिटावर मोठ्या अक्षरांत नव्हतं.

मावशीला डेटा नको. तिला मुलाचा रविवारचा फोन हवा, बँकेचा ओटीपी हवा, गॅसवाल्याचा मेसेज हवा. तरी कित्येक वर्षं ती डेटासकट पॅक भरत होती, कारण दुसरा मिळतच नव्हता. 23 डिसेंबर 2024 ला ट्रायने नियम बदलून फक्त बोलणं आणि एसएमएसचे वेगळे पॅक द्यायला लावले. नियामकाने आदेश काढला तेव्हा ही साधी वस्तू बाजारात आली. धडधाकट तीन-चार कंपन्या असत्या तर एखादीने गिऱ्हाईक ओढायला ती स्वतःहून आणली असती. असंच डिसेंबर 2021 मध्ये ट्रायला सांगावं लागलं होतं की पॅकमध्ये एसएमएस नसले तरी पोर्टचा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा, एसएमएस जाऊ दिलाच पाहिजे.

2010 च्या लिलावात विकलेल्या 2100 आणि 2300 मेगाहर्ट्झच्या लहरींची वीस वर्षं 2030 मध्ये भरतात. म्हणजे 2015 सारखा प्रसंग पुन्हा दारात आहे. त्यातल्या काही लहरी नव्या किंवा लहान कंपनीसाठी राखून, कमी किमतीत आणि सक्तीच्या रोमिंगसह देता येतील. मध्य प्रदेश-छत्तीसगडसारखं अवाढव्य सर्कल तोडून इंदूर-उज्जैनएवढ्या भागाचा परवाना देता येईल, म्हणजे आत शिरायला हजारो कोटी लागणार नाहीत. हे आत्ता ठरवलं नाही तर 2030 मध्येही ओळीने तीच तीन नावं येतील, कदाचित दोनच, आणि आपण पुन्हा गल्ला मोजत बसू. आपल्या खासदाराला इंदूरच्या मतदारांनी रस्ते आणि मेट्रोबद्दल विचारलं, तसं याबद्दलही पत्र लिहून विचारावं. मी लिहिलं आहे.

मावशीने मागच्या आठवड्यात कॅलेंडरच्या मागच्या बाजूला माझ्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: पोर्ट, मग जागा, मग आपला नंबर, आणि पाठवायचं 1900 ला. खाली तिने स्वतः पेन्सिलीने विचारलं आहे, "पण कोणाकडे?"